पवनारच्या पांढरीत राजवाडा दडलाय का?

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात पवनारला धाम नदी लागते. काठावर विनोबांचा आश्रम, पात्रात गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची आठवण सांगणारी छत्री. बहुतेक जण फोटो काढून परततात. पण हे गाव पंधराशे वर्षांपूर्वी वाकाटकांची राजधानी होतं, असं मानणारे मोठे अभ्यासक आहेत.

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन हा पाचव्या शतकातला. आई प्रभावतीगुप्ता, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. प्रवरसेनाचे सुरुवातीचे ताम्रपट रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून (आजचं नगरधन) दिलेले आहेत, नंतरचे ‘प्रवरपूर’हून. राजाने राजधानी हलवली, हे उघड आहे. पण कुठे?

वा. वि. मिराशींनी उत्तर दिलं: पवनार. एक आधार नावातल्या साम्याचा, दुसरा दगडाचा. विनोबा १९३८ मध्ये इथे राहायला आले. पुढे आश्रमाच्या जमिनीत खोदताना जुनी शिल्पं निघू लागली. त्यात राम-भरत भेटीचा शिल्पपट होता आणि रामायणातले इतर प्रसंगही. प्रभावतीगुप्तेची रामगिरीवरच्या देवावर भक्ती होती आणि प्रवरसेनाने रामकथेवर ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य रचलं. तेव्हा इथे राजघराण्याने रामाचं मंदिर बांधलं असावं, असा मिराशींचा तर्क.

मग १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. जुन्या वस्तीचे थर मिळाले. राजवाडा म्हणावा अशी इमारत मात्र हाती लागली नाही. अर्थात, नांदत्या गावाखालची पांढरी खणायची तरी किती! शिवाय वस्ती पुढेही चालू राहिली. अकबराच्या काळात पवनार हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. जुन्या वाड्याच्या विटा पुढच्या घरांत जाणं आपल्याकडे नवं नाही.

खरी पंचाईत १९९८ पासून झाली. रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन सुरू झालं आणि तिथे विटांचं भव्य मंदिर, राजवाडा म्हणता येईल असं बांधकाम आणि ‘प्रवरेश्वर’ नावाच्या मुद्रांचे ठसे मिळाले. त्यावरून हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक प्रवरपूर मनसरलाच होतं असं म्हणतात. आमच्या मते मनसरची बाजू आज जड आहे, पण पवनारच्या शिल्पांचं कोडं त्याने सुटत नाही. इतकं देखणं काम राजाश्रयाशिवाय इथे कोणी करवून घेतलं?

तो राम-भरत भेटीचा शिल्पपट आजही आश्रमाच्या भरत-राम मंदिरात आहे.