'रोमिओ आणि ज्यूलिएट' : दोष कोणाचा?

शेक्सपिअर आपल्याला परका नाही. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावाने हॅम्लेट मराठीत आणला आणि देवलांचा 'झुंझारराव' १८९० मध्ये रंगभूमीवर आला. तेव्हापासून या नाटककाराची शोकान्तिके आपल्या चर्चेचा विषय होऊन बसली आहेत. त्यांपैकी 'रोमिओ आणि ज्यूलिएट' हे नाटक निघाले की एक प्रश्न हटकून विचारला जातो : या दोन कोवळ्या जिवांच्या मरणाचा दोष कोणाकडे? कोणी म्हणतो आईबापांकडे, कोणी म्हणतो दैवाकडे, तर कोणी त्या मुलांच्याच उतावीळपणाला बोल लावतो. या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो मुख्यतः एका मित्राचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

ही कथा शेक्सपिअरची स्वतःची नव्हे. इटलीत लुईजी दा पोर्तो याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती सांगितली, बांदेल्लोने १५५४ मध्ये ती पुन्हा लिहिली, पुढे ती फ्रेंचमध्ये गेली आणि १५६२ साली आर्थर ब्रुक नावाच्या इंग्रज कवीने तिचे तीन हजारांहून अधिक ओळींचे दीर्घकाव्य केले. शेक्सपिअरपुढे मुख्यतः हेच काव्य होते. ब्रुकने आरंभी वाचकाला उद्देशून चार शब्द लिहिले आहेत. त्यांत त्याने निवाडा आधीच देऊन टाकला आहे. वासनेच्या आहारी गेलेले, वडिलधाऱ्यांचा आणि मित्रांचा सल्ला झुगारणारे, दारुड्या बायकांच्या आणि भोंदू साधूंच्या नादी लागणारे हे प्रेमिक, त्यांची अशीच गत व्हावयाची! प्रत्यक्ष काव्यात मात्र त्याला या दोघांचा कळवळा आल्यावाचून राहत नाही. पण प्रस्तावनेतला निवाडा तो काही मागे घेत नाही.

या ब्रुकच्या काव्यात मर्क्यूशिओ किती आहे, हे पाहण्याजोगे आहे. कॅप्युलेटांच्या मेजवानीत तो ज्यूलिएटच्या एका बाजूला बसतो, त्याचे हात बर्फासारखे गार आहेत असे कवी सांगतो, आणि मग तो जो नाहीसा होतो तो कायमचा. रोमिओशी त्याचे मैत्र नाही, त्याला मरणही नाही. टिबल्ट रस्त्यातल्या दंगलीत रोमिओवर चालून येतो आणि रोमिओ स्वतःचा जीव वाचवताना त्याला ठार करतो. कोर्टात असा खटला आला तर आत्मसंरक्षणाचा म्हणून निकालात निघावा.

सुमारे १५९५ मध्ये शेक्सपिअरने नाटक लिहिले तेव्हा त्याने दोन मोठे फेरफार केले. महिनोन्महिने चालणारी कथा त्याने पाच दिवसांच्या आत आणली आणि त्या गार हातांच्या माणसाला रोमिओचा जिवलग मित्र केले. हा मर्क्यूशिओ व्हेरोनाच्या अधिपतीचा नातलग आहे. तो माँटेग्यूंचाही नव्हे आणि कॅप्युलेटांचाही नव्हे. कॅप्युलेटांच्या मेजवानीच्या यादीत त्याचे नाव आहे. भांडणाशी ज्याचा रक्ताचा संबंध नाही, असा हा माणूस केवळ मैत्रीपायी त्यात मरतो.

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश आठवा. उन्हाने रक्त तापले आहे, घरी चला, असे शहाणा बेन्व्होलिओ विनवतो आहे. मर्क्यूशिओ त्यालाच भांडखोर ठरवून त्याची टर उडवतो. वर्णन अर्थात स्वतःचेच आहे. टिबल्ट येतो आणि रोमिओचा अपमान करतो. पण रोमिओ नुकताच ज्यूलिएटशी गुपचूप लग्न लावून आलेला आहे. टिबल्ट आता त्याचा आप्त झाला आहे. म्हणून तो गोड बोलतो. मर्क्यूशिओला हे सारे लाजिरवाणे वाटते आणि मित्राची लाज राखावी म्हणून तो स्वतः तरवार उपसतो. रोमिओ दोघांच्या मधे पडतो, आणि नेमका त्याच्याच हाताखालून टिबल्टचा वार मर्क्यूशिओला लागतो. मरता मरता तो दोन्ही घराण्यांना शाप देतो आणि मित्राला विचारतो की, तू मधे का आलास? मी भल्यासाठीच केले, एवढेच रोमिओ सांगू शकतो.

येथे दोष कोणाचा म्हणाल? मर्क्यूशिओ उतावळा खरा. पण त्याच दिवशी सकाळी दोघे मित्र भेटले होते, थट्टामस्करी रंगली होती. रोमिओ अजून रोझलाइनसाठीच झुरतो आहे, अशी मर्क्यूशिओची समजूत होती. लग्नाची गोष्ट साधू लॉरेन्सला ठाऊक होती, दाईला ठाऊक होती. जिवलग मित्राला तेवढी सांगितली गेली नाही. ते कळले असते तर त्याने रोमिओच्या नम्रतेला भ्याडपणा मानलेच नसते. गुपित ठेवण्यात रोमिओचा हेतू वाईट नव्हता, तरवार उपसण्यात मर्क्यूशिओचाही नव्हता. दोन चांगल्या हेतूंची टक्कर झाली आणि एक माणूस मेला. त्यानंतर रोमिओ टिबल्टला मारतो ते स्वतःचा जीव वाचविण्यासाठी नव्हे, मित्राचे ऋण फेडण्यासाठी. ब्रुकच्या कथेतले आत्मसंरक्षण येथे उरत नाही. नायक अधिक दोषी होतो, आणि तरीही आपल्याला अधिक जवळचा वाटतो!

त्या काळच्या लंडनकरांना यात नवल वाटले नसेल. १५९५ मध्येच सॅव्हिओलो या इटालियन तरवारबहाद्दराचे पुस्तक इंग्रजीत निघाले होते. त्यात डावपेचांबरोबरच अब्रूखातर भांडण कसे करावे याचेही विवेचन होते. मर्क्यूशिओ टिबल्टच्या असल्याच परदेशी डावांची खिल्ली उडवतो. पुढे १५९८ मध्ये नाटककार बेन जॉन्सन याने गेब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात ठार केले; लॅटिन वाचता येणाऱ्यास मिळणाऱ्या सवलतीमुळे त्याचा फास चुकला आणि अंगठ्यावरच्या डागावर निभावले. अब्रूच्या कल्पनेपायी चांगली माणसे कशी मारतात व मरतात, हे त्या प्रेक्षकांच्या रोजच्या पाहण्यातले होते.

आता साक्षीदाराकडे वळू. अधिपती येतो व घडले काय ते विचारतो. बेन्व्होलिओ हा नाटकातला सर्वांत सरळ माणूस. त्याच्या साक्षीत टिबल्टने शांतीचे बोलणे ऐकले नाही हे येते, रोमिओने मध्यस्थी केली हेही येते. पण आव्हान प्रथम मर्क्यूशिओने दिले, एवढे मात्र येत नाही. ज्यूलिएटची आई तेथल्या तेथे म्हणते की, हा माँटेग्यूंचा आप्त, प्रेमापोटी खोटे बोलतो. बाई रागाच्या भरात बोलते, पण तिचे म्हणणे अगदीच निराधार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रसंग मनात ठेवावा. प्रत्येक शब्द खरा असूनही मैत्रीपोटी साक्ष एका बाजूला झुकते. या प्रसंगानंतर बेन्व्होलिओ आपल्याला नाटकात पुन्हा दिसत नाही.

शेवटी दोन्ही कथांतील निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. ब्रुकच्या काव्यात लग्न लपविल्याबद्दल दाईला हद्दपारी मिळते, विष विकणाऱ्याला फाशी होते, साधूची सुटका होऊन तो एकान्तात पाच वर्षे काढतो. हिशेब चोख पुरा झाला! शेक्सपिअरच्या नाटकात साधू लॉरेन्स सारी हकिकत सांगतो आणि दोष असेल तर आपला म्हातारा जीव घ्या म्हणतो. त्याचे पत्र रोमिओला पोचले नव्हते, कारण ते नेणारा साधू प्लेगच्या संशयाने एका घरात कोंडला गेला होता. अधिपती त्याला शिक्षा सांगत नाही. आपण या वैराकडे डोळेझाक केली आणि त्यापायी आपलेही दोन नातलग गमावले, हे तो स्वतःच कबूल करतो. मर्क्यूशिओ आणि पॅरिस ते हे दोघे. मग काहींना क्षमा मिळेल, काहींना शिक्षा होईल, असे तो मोघम म्हणतो. कोणाला, ते शेवटपर्यंत सांगत नाही.

ही जागा नाटककाराने रिकामी ठेवली याचे कारण आम्हांला असे दिसते. एकाला फासावर चढवले की बाकीचे निर्दोष होऊन घरी जातात. गावात काही अनर्थ घडला की आपणही असाच एखादा विषविक्या शोधतो. वास्तविक बापाची जबरदस्ती, दाईचा सोयीचा सल्ला, साधूचा धाडसी बेत, मित्राचा मानीपणा, नायकाचे मौन आणि राज्यकर्त्याची ढिलाई, यांतले एकेक मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. वैर आधीपासून पेरलेले नसते तर यांतल्या कशानेच कोणी मेले नसते. म्हणून मर्क्यूशिओचा शाप एका माणसाला नाही, दोन्ही घराण्यांना आहे.

दोघे म्हातारे शेवटी हातात हात घेतात. माँटेग्यू ज्यूलिएटचा सोन्याचा पुतळा उभारू म्हणतो, आणि कॅप्युलेट रोमिओचा तितकाच मोलाचा कबूल करतो. मर्क्यूशिओच्या पुतळ्याचे नाव मात्र दोघांपैकी कोणीच काढीत नाही.