मान आणि माप: अमेरिकेतील कॅथलिक महाविद्यालयांच्या गुणवंत मंडळांचा इतिहास

अमेरिकेच्या महाविद्यालयीन जीवनात ‘ऑनर सोसायटी’ म्हणून ओळखली जाणारी एक जुनी प्रथा आहे. परीक्षेतील यश, चारित्र्य आणि काही ठिकाणी समाजसेवा या कसोट्यांवर पारखून घेतलेल्या विद्यार्थ्यांचे हे मंडळ असते. त्याचे सदस्यत्व निवडीने मिळते, पदवीनंतरही ते आयुष्यभर टिकते, आणि ज्या महाविद्यालयात मंडळाची शाखा, म्हणजे ‘चॅप्टर’, स्थापन होते त्या महाविद्यालयाचीही विद्याक्षेत्रातील पत वाढते. एखाद्या ग्रीक वचनातील शब्दांची आद्याक्षरे घेऊन मंडळाला नाव देण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील कॅथलिक महाविद्यालयांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी स्वतःची मंडळे उभारली, तेव्हा त्यांच्यापुढे एक पेच होता: ज्या मापाने आपण उणे ठरलो तेच माप स्वीकारायचे, की त्यात आपली भर घालून ते पुरते करायचे? या मंडळांचा इतिहास हा बहुतांशी त्या पेचाचा इतिहास आहे.

या प्रथेचा उगम व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे झाला. तेथील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी 5 डिसेंबर 1776 रोजी ‘फाय बीटा कॅपा’ या मंडळाची स्थापना केली. ज्ञानाची आवड हीच जीवनाची वाटाडी, असा या तीन अक्षरांमागील वचनाचा आशय आहे. वादविवाद आणि निबंधवाचन करणाऱ्या या मूळच्या गुप्त मंडळाने पुढे गुप्तता सोडली आणि एकोणिसाव्या शतकात ते उत्तम विद्यार्थ्यांच्या गौरवाचे मंडळ बनले. त्याचे चिन्ह या बदलाची साक्ष देते. आरंभी ते एक चौकोनी चांदीचे पदक होते; खिशातील घड्याळाला किल्ली देण्याच्या काळात त्या पदकाला खाली दांडी जोडली गेली आणि त्याची सोन्याची किल्ली झाली. तिच्या एका बाजूवर तीन ग्रीक अक्षरे, तीन तारे आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारा हात कोरलेला असतो. पदवीधराच्या घड्याळाच्या साखळीला लटकणारी ही इवलीशी किल्ली पाहणाऱ्याला त्याच्या विद्वत्तेची हमी वाटू लागली.

कॅथलिक महाविद्यालयांच्या पदवीधरांना मात्र ही किल्ली दीर्घकाळ मिळू शकली नाही, कारण त्यांच्या महाविद्यालयांत फाय बीटा कॅपाच्या शाखाच नव्हत्या. जॉर्जटाउनची स्थापना 1789 मध्ये आणि नोत्र दामची 1842 मध्ये झालेली असल्याने या संस्था वयाने लहान नव्हत्या. त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी दोन कारणांनी कलुषित किंवा साशंक होती. एक कारण प्रॉटेस्टंट बहुसंख्य समाजातील कॅथलिकविरोधाचे होते. 1922 मध्ये ऑरेगन राज्याने खासगी शाळांतील शिक्षण जवळजवळ अशक्य करणारा कायदा केला आणि 1925 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावा लागला, यावरून त्याची तीव्रता कळते. दुसरे कारण संस्थांच्या घडणीत होते. ग्रंथालय, डॉक्टरेटप्राप्त अध्यापक आणि निधी हे शाखा देताना पाहिले जाणारे मुद्दे होते, तर कॅथलिक महाविद्यालये बहुधा पगार न घेता शिकवणाऱ्या धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या श्रमावर चालत. या विनामूल्य सेवेला ‘जिवंत ठेव’ म्हणत. तीवर महाविद्यालय तगून राही, पण ग्रंथालयाची कपाटे तिने भरत नसत.

गुणगौरवाची परंपरा कॅथलिक शिक्षणाला परकी नव्हती. मराठी वाचकांना फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयामुळे परिचित असलेल्या जेझुइट संघाने, म्हणजे येशूसंघाने, 1599 मध्ये ‘रेशिओ स्टुडिओरम’ ही अध्यापनाची नियमावली जारी केली, आणि तिच्यात बक्षिसांसाठी स्वतंत्र नियम होते. जेझुइट शाळांत वर्गाचे रोमन आणि कार्थेजियन असे दोन तट पाडून त्यांच्यात चढाओढ लावण्याची पद्धत प्रसिद्ध होती. या परंपरेत वाढलेल्या मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात 1915 मध्ये फादर जॉन डॅनिही यांनी जे मंडळ काढले तेच पुढे ‘आल्फा सिग्मा नू’ या नावाने जेझुइट विद्यापीठांत पसरले. विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा या त्याच्या तीन कसोट्यांपैकी पहिली प्रचलित मापातील होती. निष्ठेचा अर्थ जेझुइट शिक्षणाच्या ध्येयांशी बांधिलकी असा असल्याने उरलेल्या दोन कसोट्यांनी या मंडळाचे वेगळेपण ठरवले.

मार्केटने 1909 मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता, तरी मंडळ पुरुषांचे राहिल्याने 1925 मध्ये तेथेच विद्यार्थिनींसाठी ‘गॅमा पाय एप्सिलॉन’ हे समांतर मंडळ निघाले. 1926 मध्ये कॅथलिक स्त्री-महाविद्यालयांच्या पदवीधरांसाठी ‘कॅपा गॅमा पाय’ची स्थापना झाली. फाय बीटा कॅपाचे बंद दार पहिल्यांदा उघडले तेही एका स्त्री-महाविद्यालयासाठी. मिनेसोटातील सेंट पॉल येथे सेंट जोसेफच्या धर्मभगिनींनी 1905 मध्ये सुरू केलेल्या सेंट कॅथरिन महाविद्यालयाच्या प्रमुख मदर अँटोनिया मॅकह्यू यांनी आपल्या संघातील भगिनींना उच्च पदव्यांसाठी अमेरिकेतील आणि युरोपातील विद्यापीठांत पाठवले, म्हणजे ‘जिवंत ठेवी’लाच विद्वत्तेची जोड दिली, आणि 1937 मध्ये त्या महाविद्यालयाला शाखा मंजूर झाली.

एका दाराच्या उघडण्याने सर्वांचा प्रश्न सुटणार नव्हता. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या डब्युक येथील महाविद्यालयाचे अधिष्ठाते फादर ई. ए. फिट्झजेराल्ड यांनी फाय बीटा कॅपासारखे स्वतंत्र मंडळ काढण्याविषयी कॅथलिक महाविद्यालयांची मते मागवली, आणि त्यातून 1939 मध्ये ‘डेल्टा एप्सिलॉन सिग्मा’ उभे राहिले. 1839 मध्ये बिशप मथायस लोरास यांनी रोवलेल्या या महाविद्यालयाने आपल्या शताब्दीनिमित्त त्याच वर्षी लोरास हे नाव धारण केले. कोणत्याही एका धर्मसंघापुरते मर्यादित न राहता कॅथलिक परंपरेतील सर्व महाविद्यालयांसाठी असणे, हे या मंडळाचे वैशिष्ट्य ठरले. सुज्ञाने गोष्टींची व्यवस्था लावावी, अशा आशयाचा ॲरिस्टॉटलचा विचार सेंट थॉमस अक्वायनस यांनी मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानात रुजवला होता, आणि मंडळाच्या नावातील तीन अक्षरे त्याच वचनाची आहेत. व्यवस्था लावणे म्हणजे खरे-खोटे आणि चांगले-वाईट ओळखून प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवणे. त्यामुळे फाय बीटा कॅपाच्या ज्ञानप्रेमाला येथे विवेकाची अट जोडली गेली.

तथापि नाकारले जाण्याची तक्रार हे अर्धेच सत्य होते. इतिहासकार मॉन्सिन्योर जॉन ट्रेसी एलिस यांनी 1955 मध्ये सेंट लुइस येथे दिलेल्या व्याख्यानात कॅथलिकांच्या बौद्धिक मागासलेपणाचा मुख्य दोष बाहेरच्या पूर्वग्रहापेक्षा त्यांच्या स्वतःच्या आळसाला आणि अलिप्ततेला दिला, आणि त्यावर मोठा वाद उसळला. पुढील दशकात परिस्थिती पालटली. फाय बीटा कॅपाने 1962 मध्ये फोर्डमला आणि त्याच दशकात जॉर्जटाउनलाही शाखा दिली. 1967 मध्ये नोत्र दामचा कारभार धर्मसंघाकडून प्रामुख्याने सामान्य नागरिकांचा समावेश असलेल्या विश्वस्त मंडळाकडे गेला आणि पुढच्या वर्षी तेथेही शाखा आली. 1973 मध्ये गॅमा पाय एप्सिलॉन आल्फा सिग्मा नूमध्ये विलीन झाले.

ज्या उणिवेतून ही मंडळे जन्मली ती अशा रीतीने भरून निघाली, तरी मंडळे विसर्जित झाली नाहीत. आल्फा सिग्मा नूची शाखा तर पुढे सोलच्या सोगांग विद्यापीठापर्यंत पोचली. फोर्डम किंवा जॉर्जटाउन येथील एकाच विद्यार्थ्याची आज फाय बीटा कॅपा आणि आल्फा सिग्मा नू या दोन्ही मंडळांसाठी निवड होऊ शकते: एक तो किती आणि कसे शिकला हे तपासते, तर दुसरे तेच तपासून शिवाय ते शिक्षण त्याने कोणाच्या कामी लावले, हेही विचारते.