कुमार फुटबॉल संघ, भारतीय

वीस वर्षांखालील मुलांचा भारताचा राष्ट्रीय फुटबॉल संघ. नियंत्रण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे (स्थापना १९३७). सर्वोच्च यश : आशियाई युवा अजिंक्यपद, १९७४ (इराणसह संयुक्त). आशियाई स्पर्धेची वयोमर्यादा सुरुवातीला २० होती, मधल्या काळात १९ झाली आणि २०२३ पासून पुन्हा २० झाली. १७ वर्षांखालील संघ वेगळा असला, तरी बरेच खेळाडू त्यातूनच वर येत असल्याने त्याची माहिती याच नोंदीत दिली आहे.

पूर्वपीठिका. आशियाई युवा स्पर्धा १९५९ मध्ये क्वालालंपूर येथे सुरू झाली. पहिली दोन्ही विजेतेपदे दक्षिण कोरियाकडे गेली. पुढे ब्रह्मदेश व इस्रायल यांचे वर्चस्व राहिले. अंतिम सामना बरोबरीत सुटल्यास दोन्ही संघांना विजेते घोषित करण्याचा प्रघात होता. १९६१, १९६३, १९६४, १९६६ व १९६९ मध्ये असेच झाले.

हैदराबादचा कोठी-चादरघाट परिसर. कुमार खेळाडू घडवण्याचे पद्धतशीर प्रयत्न देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत हैदराबाद अग्रभागी आहे. त्याचे श्रेय सय्यद अब्दुल रहीम (१९०९–६३) यांना दिले जाते. भारताला १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवून देणारे प्रशिक्षक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. पेशाने मात्र ते शिक्षक होते. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी काचिगुडा येथील माध्यमिक शाळेत, उर्दू शरीफ शाळेत, दारुल-उलूम हायस्कूलमध्ये व चादरघाट हायस्कूलमध्ये नोकरी केली. शेवटच्या दोन शाळांत खेळाचा विभाग त्यांच्याकडे होता. काचिगुडा व चादरघाट ही ठिकाणे कोठीला लागूनच आहेत.

रहीम १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. मुलांसाठी त्यांनी आखलेल्या स्पर्धा वेगळ्या धाटणीच्या होत्या. एका प्रकारात चेंडू पायाशी घोळवत नेण्यास मनाई होती. चेंडू मिळाला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने आपला दुबळा पायच वापरायचा. उजव्या पायाच्या खेळाडूला सारा सामना डाव्या पायावर काढावा लागे. संघात खेळाडू कमी ठेवूनही सामने होत. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू अधिक वेळा येई. हैदराबादी खेळाडूंच्या आखूड, जलद पासचे मूळ अनेक अभ्यासक या स्पर्धांत शोधतात. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. संतोष करंडक हैदराबादने १९५६-५७ व १९५७-५८ मध्ये मिळवला.

बँकॉक, १९७४. एप्रिल १९७४ मधील स्पर्धेत भारताचा संघनायक हैदराबादचा आघाडीपटू शब्बीर अली होता. त्याची जडणघडण शहरातील हैदराबाद आर्सेनल या क्लबात झाली होती. प्रशिक्षक अरुण घोष हे १९६२ च्या जकार्ता येथील सुवर्णपदक विजेत्या संघातील बचावपटू, म्हणजे रहीम यांच्याच हाताखाली खेळलेले. त्यामुळे हे यश रहीम परंपरेत मोडते. गतविजेत्या इराणविरुद्धचा अंतिम सामना २–२ असा बरोबरीत सुटला आणि विजेतेपद विभागून देण्यात आले. ते आशियाई पातळीवरील या संघाचे एकमेव विजेतेपद होय. इराणने पुढील दोन वर्षेही (१९७५ इराकसह, १९७६ उत्तर कोरियासह) ते संयुक्तपणे राखले.

त्याच वर्षी तेहरान आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचा वरिष्ठ संघ तिन्ही सामने हरला. चीनविरुद्ध १–७ असा पराभव झाला. कुमारांच्या यशाचा लाभ वरिष्ठ संघाला का मिळाला नाही, याविषयी मतभेद आहेत.

शब्बीर अली पुढे मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून व कोलकात्यात ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंगकडून खेळला. प्रशिक्षक म्हणून त्याने गोव्याच्या साळगावकर संघाला १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. २०११ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

१९७४ नंतर. जागतिक युवा स्पर्धा १९७७ मध्ये ट्युनिशियात सुरू झाली. भारत त्या स्पर्धेसाठी कधीही पात्र ठरलेला नाही. हैदराबादचे उत्तम खेळाडू (नईमुद्दीन, हबीब, अकबर) आधीच कोलकात्याच्या क्लबांकडे वळले होते आणि शहरातील स्पर्धांचा जोर ओसरला. टाटा फुटबॉल अकादमी (जमशेदपूर, १९८७) हे नवे केंद्र झाले. २००६ ची आशियाई स्पर्धा कोलकाता व बंगळुरू येथे झाली.

विश्वचषक, २०१७. १७ वर्षांखालील विश्वचषकात यजमान म्हणून भारताला प्रवेश मिळाला. प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस, संघनायक अमरजित सिंग कियाम. निकाल : अमेरिका ०–३, कोलंबिया १–२, घाना ०–४. कोलंबियाविरुद्ध (दिल्ली, ९ ऑक्टोबर) ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनच्या कॉर्नरवर जिक्सन सिंगने हेडरने गोल केला. विश्वचषकातील भारताचा हा पहिला गोल. कोलंबियाने पुढच्याच मिनिटाला आघाडी परत घेतली. २१ जणांच्या संघात मणिपूरचे ८ होते, हैदराबादचा एकही नव्हता. महाराष्ट्राशी संबंधित खेळाडूंत कोल्हापूरचा अनिकेत जाधव (पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला) आणि अमेरिकेतील न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडे यांचा समावेश होता.

अन्य स्पर्धा. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील कोतिफ स्पर्धेत भारताने लिओनेल स्कालोनी यांच्या मार्गदर्शनाखालील अर्जेंटिनाच्या कुमार संघाला २–१ असे हरवले (गोल : दीपक टांगरी, अन्वर अली; भारताचे प्रशिक्षक : फ्लॉइड पिंटो). अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळाल्याने उत्तरार्धाचा बराच भाग भारत दहा जणांनिशी खेळला. दक्षिण आशियाई कुमार स्पर्धा २०१९ (काठमांडू) व २०२२ (भुवनेश्वर, अंतिम सामन्यात बांगलादेशवर ५–२, गुरकिरत सिंगचे ४ गोल) मध्ये जिंकली.

वयाचा प्रश्न. कुमार स्पर्धांत वयाच्या दाखल्यांविषयी वेळोवेळी तक्रारी झाल्या. आता मनगटाच्या हाडांची तपासणी केली जाते.

मुलींचा संघ. १७ वर्षांखालील विश्वचषकात (२०२२, यजमान भारत) तिन्ही सामन्यांत पराभव.