पायवाटेचा पुरावा

इतिहासाचीं पुस्तकें बहुधा राजमार्गावरून चालतात. कोणत्या राजानें कोणता रस्ता बांधला आणि त्यावरून कोणाचें सैन्य गेलें, याची नोंद त्यांत सांपडते. पण पायवाट कोणी बांधली, असें विचारल्यास इतिहासकार निरुत्तर होतो. पायवाट कोणी बांधीत नाहीं, ती पडते. शेंकडों वर्षें माणसें एकाच दिशेनें गेलीं म्हणजे जमीनच ती गोष्ट ध्यानांत ठेवते. अशा वाटेवर मालकी कोणाची, जमीन ज्याच्या नांवावर आहे त्याची, कीं ज्यांच्या पायांनीं ती पडली त्यांची? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण इंग्लंडांत त्यासाठीं माणसें तुरुंगांत गेलीं आहेत. त्याची हकीगत वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आज इंग्लंडच्या ग्रामीण भागांत पदभ्रमणाचे उत्सव भरतात. यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिज या गांवानें २००७ सालीं पांथस्थांचें स्वागत करणारें गांव हें बिरुद प्रथम धारण केलें आणि इतर अनेक गांवांनीं तोच कित्ता गिरविला. उत्सवाची रीत साधी असते. रोज कांहीं फेऱ्या ठरलेल्या असतात. कोणती सोपी, कोणती कष्टाची, किती मैलांची, हें आधींच छापून कळवितात. पुढें वाटाड्या चालतो. कोणी मागें राहूं नये म्हणून एक जाणता मनुष्य पिछाडीस असतो. वाटेंत थांबून वाटाड्या एखाद्या पडक्या गिरणीची किंवा जुन्या पुलाची माहिती सांगतो. घोळक्यांत पेन्शनर असतात, लेंकुरवाळ्या बायका असतात. शेताच्या कुंपणाशीं आलें कीं लांकडी पायऱ्यांवरून एकेक जण पलीकडे उतरतो. या पायऱ्या ओलांडतांना कोणालाही अपराध केल्यासारखें वाटत नाहीं. हें न वाटणें हीच खरी कमाई होय. तिला शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

या प्रकरणाचें मूळ कुंपणाच्या कायद्यांत आहे. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटनें असे पांच हजारांहून अधिक कायदे मंजूर केले आणि सुमारें ६८ लक्ष एकर जमिनीस कुंपण पडलें. ज्या माळावर गांवाचीं गुरें चरत, तो खासगी झाला. शेतीची सुधारणा व्हावी हा त्यांतील एक हेतु होता, आणि पीक वाढलेंही. पण ज्याच्या हातीं कागद नव्हता त्याचा हक्क बुडाला. उत्तरेकडील उंच माळपठारांवर तर पीक येण्यासारखें नव्हतेंच. तेथें ग्राउस नांवाचे रानपक्षी राखले जाऊं लागले. १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होई. पक्ष्यांस त्रास नको म्हणून राखणदार बारमास वाटा अडवून बसत.

नेमक्या याच पठारांच्या एका अंगास मँचेस्टर आणि दुसऱ्या अंगास शेफील्ड हीं धुरानें काळवंडलेलीं शहरें वाढलीं. गिरणींतील कामकऱ्यास मोकळा दिवस काय तो रविवार. डोंगर डोळ्यांसमोर होता, पण त्यावर पाऊल ठेवण्यास मनाई होती. मँचेस्टरांतील सज्जनांनीं १८२६ सालींच जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठीं एक मंडळी स्थापिली होती. १८८४ सालीं जेम्स ब्राइस यांनीं स्कॉटलंडांतील डोंगर लोकांस खुले करण्याचें बिल पार्लमेंटांत आणलें, तें बारगळलें. पुढें अनेक वेळां तशीं बिलें आलीं आणि गेलीं.

आतां आम्हांस ज्या गृहस्थाविषयीं विशेष आदर वाटतो, त्याजकडे वळूं. जी. एच. बी. वॉर्ड हा शेफील्डचा कारागीर. १९०० सालीं त्यानें 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकांत जाहिरात दिली कीं, ज्यांस डोंगरांत फिरावयाचें असेल त्यांनीं सोबत यावें. २ सप्टेंबर रोजीं चौदा माणसें जमलीं आणि किंडर स्काउट या २,०८७ फूट उंच पठारास वळसा घालून, सुमारें वीस मैल चालून, संध्याकाळीं परतलीं. कामकरी वर्गाच्या वाटाड्यासह निघालेल्या फेऱ्यांचा हा एक आरंभच म्हणावयास हरकत नाहीं. पण वॉर्डचा मोठेपणा केवळ चालण्यांत नाहीं. दरवर्षीं तो खिशांत मावेल एवढें एक पुस्तक छापी. त्यांत फेऱ्यांचें वेळापत्रक असे. शिवाय जुन्या वाटा, खिंडी, सीमेचे दगड आणि स्थळनामें यांचा शोध असे. जुने दस्तऐवज तपासून व म्हाताऱ्या माणसांस विचारून त्यानें तो जमविला होता. आम्हीं जन्मभर इतिहास शिकविला. परंतु इतिहासाचा इतका रोकडा उपयोग आम्हांस फार थोड्या ठिकाणीं दिसला. वॉर्डच्या हातीं इतिहास हा वाटेचा पुरावा झाला. जमीनमालकांनींही त्याची योग्य ती दखल घेतली. १९२३ सालीं किंडरवर पाऊल ठेवूं नये असा मनाईहुकूम त्याच्यावर बजावण्यांत आला.

पुढची पिढी इतकी सोशीक नव्हती. २४ एप्रिल १९३२ रोजीं, रविवारीं, हेफील्ड गांवाजवळच्या एका दगडाच्या खाणींत सुमारें चारशें तरुण जमले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वीस. उघड उघड मनाई मोडून ते किंडरवर चढले. राखणदारांशीं झटापट झाली, एकजण जखमी झाला. परतल्यावर धरपकड झाली. आतां, परक्याच्या जमिनींत शिरणें हा इंग्लंडांत तेव्हां फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंग्याचा आरोप ठेवण्यांत आला आणि पांच जणांस दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. रॉथमनच्या वांट्यास चार महिने आले.

या घटनेची आज पोवाड्याच्या थाटानें आठवण केली जाते. परंतु निःपक्षपातानें पाहिलें तर चित्र इतकें सरळ नाहीं. पदभ्रमण करणाऱ्यांच्या जुन्या मंडळ्यांनीं त्या वेळीं या धाडसाचा निषेध केला होता. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींचें काम या उतावळेपणानें बिघडेल, अशी त्यांची धास्ती होती. मात्र शिक्षेची कठोरता पाहून लोकमत खवळलें, हेंही खरें. आणि गंमत अशी कीं, त्याच १९३२ सालीं पार्लमेंटनें गाजावाजा न करितां एक कायदा केला: वीस वर्षें लोक एखाद्या वाटेनें हक्कानें व विनाअडथळा गेले असतील, तर ती वाट सार्वजनिक मानावी. वहिवाट या शब्दाचें मोल जाणणाऱ्या आमच्या वाचकांस हें तत्त्व परकें वाटणार नाहीं. आपल्याकडेही शेताची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखालीं दाद मागतां येते.

यापुढील हकीगत थोडक्यांत सांगतां येईल. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि प्रत्येक पायवाट नकाशावर नोंदविण्याचें काम सुरू झालें. १९५१ सालीं हाच पीक प्रदेश पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरला. टॉम स्टीफन्सन यांनीं १९३५ सालीं सुचविलेली पेनाइन पर्वताची लांब वाट १९६५ सालीं खुली झाली. २००० च्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील नोंदलेल्या डोंगरमाळांवर स्वच्छंद फिरण्याचा हक्क दिला. २००२ सालीं, किंडरच्या सत्तराव्या वर्षदिनीं, डेव्हनशायरच्या ड्यूकांनीं आपल्या आजोबांच्या वागणुकीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. रॉथमन मात्र त्याच वर्षीं जानेवारींत निवर्तला होता.

श्रेय रॉथमनच्या धाडसास द्यावें कीं वॉर्डच्या चिकाटीस? आमच्या मतें हा वाद निष्फळ आहे. एकानें दार ठोठावलें आणि दुसऱ्यानें, हें दार नसून वाटच होती, असें कागदोपत्रीं दाखवून दिलें. दोहोंवांचून तें उघडलें नसतें.

परंतु कायद्यानें मिळालेली वाटही चालणारे नसतील तर गवतांत बुजते, आणि बुजलेल्या वाटेवर नांगर फिरावयास वेळ लागत नाहीं. म्हणून उत्सवांतील त्या संथ फेऱ्या आम्हांस केवळ करमणूक वाटत नाहींत. वाटाड्यामागून जाणारा तो वयस्क घोळका, त्याच्या स्वतःच्याही ध्यानीं नसेल, पण वॉर्डच्या पुराव्यावर दर पावलागणिक नवी सही करीत असतो.