लंडीखाना नावाचे स्टेशन

श्रोतेहो, लढाऊ वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आकाशातली झुंज उभी राहते. दिलीप पारुळकरांनी तीही दिली. १९६५ च्या युद्धात गोळी लागून त्यांचा उजवा खांदा जखमी झाला, तरी उडी न टाकता त्यांनी विमान तळावर आणून उतरवले. पण त्यांची खरी कसोटी लागली ती जमिनीवर, असे मला वाटते.

१० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाकिस्तानात पाडले गेले. हवाई छत्रीने ते उतरले आणि रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. युद्ध आठवड्याभरात आटोपले. कैद काही संपेना. तेव्हा ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा वैमानिकांना जोडीला घेऊन त्यांनी कोठडीची भिंत थोडी थोडी पोखरायला घेतली.

१२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळ सुटले आणि तिघे भगदाडातून बाहेर पडले. बसने पेशावर, मग जमरूद, आणि पुढे खैबर खिंडीतले लंडीकोतल. अफगाण सरहद्द आता अवघी चार-पाच मैल!

तिथे त्यांनी विचारले, लंडीखाना किती लांब? नकाशात ते सरहद्दीजवळचे रेल्वे स्टेशन होते. पण त्या स्टेशनापर्यंतची गाडी १९३२ सालीच बंद पडलेली. आपल्या चाळीसगावात एखादा परका चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनाची वाट विचारू लागला, तर लोक त्याच्याकडे कसे बघतील? (शिक्षकबंधूंनो, वर्गात नकाशा टांगला की त्यावर छापलेले साल आधी वाचून दाखवीत जा.) त्यात भर अशी, की पाकिस्तानात अडकलेले बंगाली त्या दिवसांत याच वाटेने निसटत. हे तिघेही बंगालीच, असा लोकांना संशय आला. झाले! त्यांना तहसीलदारापुढे उभे केले.

प्रसंग बाका होता. हेर समजून गोळी घातली असती तर विचारणार कोण? पारुळकरांनी शक्कल लढवली. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी उस्मान हमीद यांना फोन लावा, म्हणाले. हे हमीद पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांनी ओळख पटवली, तिघांना सांभाळून ठेवायला सांगितले, म्हणूनच ते वाचले. शत्रूकडच्या या अधिकाऱ्याचे नावही आपल्या मुलांना सांगायला हवे.

पुढे एकांतवासाची शिक्षा, मग लायलपूरचा तुरुंग. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर युद्धकैद्यांबरोबर हे तिघे वाघा सरहद्दीवरून मायदेशी परतले. पारुळकर ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले; ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.