औषध होता होता राहिलेले प्रथिन

प्रयोगशाळेत नवखी असताना माझ्याकडे पहिले काम आले ते शीतपेटीतल्या कुप्यांची यादी करण्याचे. एका बोटभर कुपीवर ‘विद्राव्य मानवी सीडी-४’ अशी चिठ्ठी होती. तळाशी पांढरा थर, मायक्रोग्रॅममध्ये मोजावा एवढा. ‘‘जपून हं, हे एके काळी एड्सवरचं औषध होणार होतं,’’ आमच्या बाई म्हणाल्या. त्या वाक्याने मला जुन्या शोधनिबंधांकडे वळवले.

एड्सचा विषाणू पेशीवरच्या सीडी-४ या ग्राहीला पकडतो, हे १९८४ साली लंडन आणि पॅरिस इथल्या दोन गटांनी दाखवले. पुढल्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात पॉल मॅडन आणि रिचर्ड ॲक्सेल यांच्या गटाने तिचे जनुक वेगळे काढले. (गंधज्ञानासाठी नोबेल मिळाले ते हेच ॲक्सेल.) १९८६ साली ते जनुक उंदराच्या पेशींत घातले, तेव्हा विषाणू चिकटला, पण आत शिरला नाही. दुसरी कडी कुठली, हे कळायला १९९६ उजाडले.

पण तोवर थांबायला वेळ कोणाला होता? १९८७ साली हातात एझेडटीखेरीज मान्यताप्राप्त औषध नव्हते आणि माणसे मरत होती. कल्पना साधी होती. ग्राहीचे शेपूट पेशीच्या आवरणात रुतलेले असते. जनुकातला तेवढा भाग छाटला, की पेशी ते प्रथिन बाहेरच्या द्रवात सोडून देते. रक्तात असे मोकळे सीडी-४ सोडायचे. विषाणू त्यालाच बिलगेल आणि खऱ्या पेशी वाचतील. डिसेंबर १९८७मध्ये जेनेनटेकच्या गटाने काचपात्रात हे घडवून दाखवले. पाठोपाठ इतरांनीही.

रुग्णांना मात्र अपाय झाला नाही, तसा गुणही आला नाही. का, ते १९९० साली डेव्हिड हो आणि सहकाऱ्यांनी दाखवले: रुग्णांकडून ताजे मिळवलेले विषाणू रोखायला प्रयोगशाळेतल्या वाणांपेक्षा २०० ते २,७०० पट अधिक प्रथिन लागत होते. वर्षानुवर्षे पेशींच्या वाणांवर पोसलेला विषाणू माणसाळला होता, आणि सगळा भरवसा त्याच्यावर टाकला होता! मला या इतिहासातली ही सर्वांत बोचरी गोष्ट वाटते.

प्रथिन मात्र टाकाऊ ठरले नाही. विषाणूचे जीपी-१२० हे प्रथिन इतके लवचीक, की त्याचा स्फटिक जमेना. १९९८ साली पीटर क्वाँग आणि वेन हेंड्रिक्सन यांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा त्याला धरून ठेवायला सीडी-४चाच तुकडा वापरला होता.

आमचे काम त्याहून किरकोळ. आम्ही बनवलेले जीपी-१२० नीट घडीत बसले आहे का, हे पाहायला ९६ खळग्यांच्या तबकडीत ते सीडी-४ला पकडते का, एवढेच तपासायचे. ती पहिली कुपी मी वारंवार वितळवून-गोठवून वाया घालवली. दुसरी आली तेव्हा बाईंनी आधी तिचे वीस छोटे वाटे करायला लावले.