निवड आपल्या हाती कधी आली?

1882 साली बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. त्या वेळी अख्ख्या वऱ्हाडात एकही कॉलेज नव्हतं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेजसुद्धा पुढच्या वर्षी, 1883 मध्ये निघालं. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर नवजात बाळाच्या हत्येचा खटला चालला, तिला फाशीची शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांनी त्या निमित्तानं साऱ्या बायकांनाच दोषी ठरवलं. त्यावर ताराबाईंनी विचारलं, की जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषात नाही काय? विवाह, वैधव्य, धर्मग्रंथ, नाटक-कादंबऱ्या, सगळं त्यांनी एका प्रश्नाखाली तपासलं. पुस्तक पुण्यात छापलं गेलं. त्यांची बाजू ठामपणे घेणारे जोतीराव फुले होते. त्यानंतर जवळजवळ शतकभर हे पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं.

मी चिखलीत कॉलेजला समाजशास्त्र शिकवत असे. ताराबाईंना मी आमच्या जिल्ह्याच्या पहिल्या समाजशास्त्रज्ञ मानते. पदवी नाही, गाईड नाही, ग्रंथालय नाही, पण प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. निवृत्त झाले तरी विद्यार्थी घरी येतात, आणि आता त्यांच्या हातात एक नवीनच गोष्ट असते. एकाच वेळी दोन-तीन विद्यापीठांची प्रवेश मिळाल्याची पत्रं. ‘मॅडम, कुठं जाऊ?’ हा प्रश्न माझ्या तरुणपणी आमच्या भागात कुणी विचारलेला मला आठवत नाही, कारण निवडायला काही नसायचंच. म्हणून या प्रश्नाचा इतिहास सांगावासा वाटतो. शिकायला कुठं जायचं, हे इतकी वर्षं कोण ठरवत आलं?

आधी रस्त्यांनी ठरवलं. आमचा बुलढाणा जिल्हा दोन भागांचा, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. मुंबई-नागपूर रेल्वे घाटाखालून गेली आणि 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा काढला गेला, तो कापसाच्या बाजारासाठी. त्याच गाड्यांतून शिकणारी मुलं पुण्या-मुंबईला गेली. जिल्ह्याच्या नावाचं शहर मात्र आजही रेल्वेविना आहे. घाटावरच्या मुलाला आधी घाट उतरून मलकापूर गाठावं लागायचं.

मग सरकारी नकाशानं ठरवलं. वऱ्हाड निजामाचं, 1853 पासून कारभार इंग्रजांचा, 1903 नंतर मध्य प्रांताला जोडलेलं. नागपूरची कॉलेजं आधी कलकत्त्याला, पुढे अलाहाबादला संलग्न होती. नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये झालं. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेजही त्याच वर्षीचं. खामगावला 1947 मध्ये कॉलेज निघालं. अमरावती विद्यापीठ तर 1 मे 1983 रोजी सुरू झालं. म्हणजे ज्याला सामाजिक शास्त्रात एम.ए. करायचं त्यानं जवळचं एक नाव घ्यायचं आणि तिथं जायचं. मी तशीच गेले.

आणि सगळ्यांत मोठा निर्णय पैसा देणाऱ्यानं केला. याचं ठळक उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. सयाजीराव गायकवाडांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवायचं ठरवलं आणि त्यांत बाबासाहेब निवडले गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी. जून 1913 मध्ये करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठ त्यांनी चार-पाच पत्रांतून निवडलेलं नव्हतं. पण तिथं गेल्यावर त्यांनी जे केलं ते स्वतःच्या निवडीचं होतं. अर्थशास्त्र सेलिग्मनकडे, तत्त्वज्ञान जॉन ड्यूईकडे, मानववंशशास्त्र गोल्डनवायझरकडे. गोल्डनवायझरच्या सेमिनारमध्ये 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातल्या जातींच्या उगमावरचा निबंध वाचला. लंडनला निघताना सेलिग्मननी त्यांना तिथल्या प्राध्यापकांसाठी परिचयाची पत्रं दिली.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, तोवर शिष्यवृत्तीची मुदत संपली. 1917 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. करारापायी बडोद्याला नोकरीवर गेले, तर शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. इथं थांबून विचार करावा असं मी विद्यार्थ्यांना सांगते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे पैशाचा प्रश्न सुटला, एवढंच आपण बघतो. तिच्या कागदावर परतल्यानंतरच्या वर्षांवरही सही असते. बाबासाहेबांनी नंतर सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून कर्ज घेतलं, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी विद्यापीठ, विषय आणि जबाबदारी, सारं त्यांचं होतं. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. पहिल्या खेपेला पाठवणारा दुसरा होता, दुसऱ्या खेपेला ते स्वतः निघाले.

त्याच सुमारास मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर समाजशास्त्र शिकायला इंग्लंडला गेले. मुंबईचे प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांनी त्यांची शिफारस केली होती. गेले ते लंडनला, हॉबहाउस यांच्याकडे. तिथं मन रमेना. केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची ओळख झाली, तेव्हा त्यांनी लंडन सोडून केंब्रिज धरलं. 1922 मध्ये रिव्हर्स अचानक वारले, पण घुर्यांच्या कामावर त्यांची छाप राहिली. परत येऊन 1924 पासून त्यांनी मुंबईचा समाजशास्त्र विभाग सांभाळला आणि वाढवला. ‘लंडन की केंब्रिज’ या नावांच्या तुलनेत त्यांचं उत्तर नव्हतं. आपला प्रश्न कुणाजवळ बसून वाढेल, त्यात ते होतं. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या. गाईड होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. युरोपीय कवट्यांची ठेवण श्रेष्ठ असल्याचा त्यांचा कयास इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्यांनी खरा ठरवला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. गाईड निवडता येतो, पण त्याच्यापुढे उभं राहण्याची ताकद बरोबर न्यावी लागते.

आमच्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख 1920 मध्ये इंग्लंडला गेले. एडिंबरोची एम.ए., ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर संशोधन, शिवाय बॅरिस्टरी. शेतकऱ्याचा हा मुलगा वैदिक धर्माचा अभ्यास करतो, हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. परत आल्यावर त्यांनी 1932 मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. तिच्या शाळा-कॉलेजांची साखळी पुढे आमच्या चिखलीपर्यंत आली. घाटावरच्या हजारो मुलांना घरच्या भाकरीवर बी.ए. करता आलं ते अशा संस्थांमुळे. एक माणूस परतून आला म्हणजे काय होतं, ते आम्ही या संस्थेत रोज पाहिलं.

बी.ए.च्या पुढचं दार मात्र माझ्या पिढीला अरुंदच राहिलं. ते रुंदावलं गेल्या पंधरा-वीस वर्षांत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूर परिसर आमच्या मुलांना मुंबईपेक्षा जवळचा वाटला. भाषा कळणारी मुलं तिथं भेटली, खेडं हाच अभ्यासाचा विषय होता. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचा राजू केंद्रे हा शेतकऱ्याघरचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. मुक्त विद्यापीठातून पदवी, मेळघाटात काम, मग तुळजापूर. 2017 मध्ये यवतमाळला त्यानं ‘एकलव्य’ सुरू केलं, पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतल्या मुलांना अशा संस्थांची वाट दाखवण्यासाठी. 2021 मध्ये परदेशातल्या अनेक विद्यापीठांचे प्रवेश हातात असताना तो ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोअ‍ॅस विद्यापीठात गेला. त्यानंतर आमच्याकडच्या मुलांच्या बोलण्यात एसओपी, शिफारसपत्र, कंडिशनल ऑफर हे शब्द सेतू केंद्र आणि सातबारा इतकेच सहज आले.

आता माझ्यासमोर बसणाऱ्या मुलीची अडचण सांगते. एक पत्र तुळजापूरचं, एक बंगळुरूचं, एक लंडनचं. लंडनची पदवी एका वर्षाची, इथल्या दोन वर्षांच्या. लंडनला जागा राखायची तर ठरलेल्या तारखेआत डिपॉझिट भरा. शिष्यवृत्तीचा निकाल त्या तारखेनंतर. अमेरिकेत बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी आपसांत ठरवलं आहे, की आर्थिक मदतीसह प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याला 15 एप्रिलपर्यंत विचार करू द्यायचा. त्याआधी होकारासाठी दबाव आणायचा नाही. आमच्या मुलीला असा श्वास घ्यायला कुणी वेळ देत नाही. तिचे वडील मला विचारतात, ‘मॅडम, पोरगी शिकन ते समजलं, पण वावर गहाण टाका लागन काय?’ खरं उत्तर असं, की साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि शेतजमीन बहुतेक बँका तारण घेत नाहीत. वावर असूनही उपयोगाचं नाही. मग उरते शिष्यवृत्ती.

शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्यांनी घरं बदलली आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासूनची. पण निवड कोण करतं हा जुना प्रश्न इथं नव्या वेशात भेटतो. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असलं पाहिजे, अशी अट असते. सोअ‍ॅससारखी केवळ मानव्य आणि सामाजिक विषयांना वाहिलेली संस्था विकास-अभ्यासात जगात पहिल्या रांगेत असते, पण विज्ञान आणि वैद्यक शाखा असलेल्या अवाढव्य विद्यापीठांपुढे एकूण क्रमवारीत मागे पडते. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्याला ही अट फारशी आडवी येत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला येते.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट 2022 ची. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नव्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास यांवरचं संशोधन वगळलं गेलं. ही शिष्यवृत्ती ज्यांच्यासाठी आहे ते अनुसूचित जातींतले, भटक्या-विमुक्तांतले, भूमिहीन शेतमजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या घरांतले विद्यार्थी. त्यांना जातीवर, पारधी वस्तीवर, ऊसतोडीवर लिहायचं असतं. या विषयांसाठी परदेशी कशाला, इथली ग्रंथालयं आहेत की, असा युक्तिवाद झाला. बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध न्यूयॉर्कमध्ये वाचला होता. आपल्या गावाकडे लांबून बघण्याची सोय श्रीमंत घरच्या संशोधकाला आहे, शेतमजुराच्या मुलीला नाही, असा या नियमाचा अर्थ होतो. तो मागे घेतला पाहिजे, हे मी शक्य त्या प्रत्येक ठिकाणी बोलते.

तोवर पत्रं घेऊन येणाऱ्या मुलांना मी चार गोष्टी करायला लावते. तुला काय शोधायचं आहे ते मराठीत एका वाक्यात लिही. प्रत्येक विभागातल्या दोन शिक्षकांचं लिखाण वाच आणि त्यांतलं कोण तुझ्या वाक्यापाशी थांबेल ते बघ. फी, राहणं, व्हिसा आणि परतल्यावरच्या अटी एका कागदावर मांड, घरच्यांसमोर मोठ्यानं वाच. मग विद्यापीठाचं नाव बघ. हा क्रम उलटा लागला की प्रश्न बाजूला राहतो आणि नाव निवडलं जातं. तुळजापूर निवडलं म्हणून कुणी कमी झालं नाही, लंडन निवडलं म्हणून कुणी मोठं झालं नाही. उसनवारीत संसार अडकवून एका नावामागे गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि एक वर्ष थांबून पूर्ण शिष्यवृत्तीनं गेलेलीही. थांबणं हाही निवडीचाच भाग आहे, हे आईवडिलांना समजावून सांगणारं माणूस प्रत्येक तालुक्यात हवं.

रस्ता, सरकार, संस्थान, शिष्यवृत्तीची समिती यांनी आमच्या भागातल्या मुलांची वाट शंभर-सव्वाशे वर्षं ठरवली. त्यांतल्या काहींनी मोठे उपकारही केले, ते मी मानते. पण आता पत्रं आमच्या मुलींच्या हातात आहेत. कॉलेजांनी त्यांच्यासाठी मार्च ते जून एवढे चार महिने एक खोली, एक जाणता शिक्षक आणि आधी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर ठेवावेत. शासनानं शिष्यवृत्तीचे निकाल डिपॉझिटच्या तारखांआधी लावावेत आणि विषय निवडण्याचं काम विद्यार्थ्याकडेच राहू द्यावं. एवढं झालं, तर इथल्या मुलीला पहिल्या खेपेलाच स्वतःच्या निर्णयानं निघता येईल.